गॅरेजच्या कपड्यांचा डिझेल-ऑइलचा वास धुऊनही जात नसेल तर काय काय तपासायचं

आमच्या घरात गेली २२ वर्षं गॅरेजचे कपडे धुतले जातायत. मिस्टरांचं कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला डिझेल इंजिनाच्या पंप-नोझलचं काम आहे, आता पोरगा पण ट्रॅक्टरच्या कामाला लागलाय, म्हणजे रोजच्या दोन जोड्या, आणि कारखाने सुरू होऊन उसाचा सीझन लागला की दिवसाला तीन. नणंदेचा मुलगा पेट्रोल पंपावर लागला तेव्हा तिचा फोन आला, मग खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा, मग त्यांच्या बहिणीचा, सगळ्यांचा प्रश्न एकच, दोन-दोनदा धुतलं तरी वास येतोच, काय करू. फोनवर सगळं सांगून होत नाही आणि निम्मं राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावरच आहे. कपड्यात वास म्हणून वेगळं काही बसलेलं नसतं. कपड्यात तेल राहिलेलं असतं आणि वास त्या तेलाचाच असतो. तेल निघालं की वास गेला, तेल राहिलं तर वर कितीही सुगंधी लिक्विड ओता, दोन तासांनी घाम आला की परत तेच.

आणि दुसरं, हे तर कृपा करून कुणी विसरू नका. पेट्रोल सांडलेला कपडा थेट मशीनमध्ये टाकायचा नाही. कधीच नाही. पेट्रोलची वाफ शून्याच्या खूप खाली, उणे ४० डिग्रीच्या आसपास सुद्धा पेट घेऊ शकते, ती हवेपेक्षा जड असते म्हणून खाली साचते, आणि मशीनची मोटर न् वायरिंग खालीच असतं. बहुतेक मशीनच्या माहितीपुस्तकात पेट्रोल, रॉकेल, थिनर लागलेले कपडे टाकू नका असं लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक आपण कपाटात ठेवून देतो. पेट्रोलचा कपडा आधी बाहेर मोकळ्या हवेत, गॅस, देवघरातला दिवा, गिझर, सिगारेट या सगळ्यापासून लांब वाळत घाला, वास जवळजवळ जाईपर्यंत, मग पाण्यात घाला. न्हाणीघरात दार लावून भिजत घालायचा नाही.

लक्षणं बघा, त्यावरून निम्मं कळतं

कामावरून आल्या आल्या डोळ्याला झोंबेल असा वास आणि दुसऱ्या दिवशी वाऱ्यावर बराचसा गेलेला, तर ते पेट्रोल. वास मंद पण आठवडाभर हटत नाही, हाताला किंचित चिकट लागतं, ते डिझेल नाहीतर इंजिन ऑइल. सडक्या लसणासारखा किंवा गंधकासारखा उग्र वास असेल तर तो गिअर ऑइलचा, ९० नंबरच्या ऑइलमध्ये गिअरचे दाते झिजू नयेत म्हणून गंधकाची औषधं घातलेली असतात, त्यांचा तो वास, आणि तो सगळ्यात चिवट.

वाळलेल्या कपड्याला काही वास नाही पण इस्त्री फिरवली की भपकन येतो, किंवा अंगावर घालून घाम आला की येतो, म्हणजे तेल धाग्यात आत राहिलंय. मला हे पहिल्यांदा कळलं ते दिराच्या साखरपुड्याला. मिस्टरांची चांगली पॅन्ट एकदा घाईत गॅरेजच्या कपड्यांबरोबर धुतली गेली होती, वाळल्यावर नाकाला लावून बघितली तर काहीच नाही, आणि निघायच्या वेळी मांडीवरून इस्त्री फिरवली तशी सगळी खोली डिझेलने भरली. दुसरी पॅन्ट घालून गेले.

घरातल्या सगळ्यांच्याच कपड्यांना, अगदी टॉवेलला आणि शाळेच्या युनिफॉर्मला वास येत असेल तर कपड्यांच्या मागे लागू नका, मशीन बघा. आणि तेलाबरोबर आंबूस वास असेल, खास करून जून ते सप्टेंबर, तर तो कपडा वेळेत वाळत नाहीये म्हणून, त्याचं खाली लिहिते.

फुकटातली तपासणी आधी

पहिलं म्हणजे कपडा घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला द्या. जो दिवसभर डिझेलमध्ये असतो त्याच्या नाकाला सवय झालेली असते, त्याला खरंच येत नाही वास, आणि धुणाऱ्या बाईलाही तासाभराने येईनासा होतो. मी बाहेरून आलेल्या माणसाला विचारते. धुतलेला, पूर्ण वाळलेला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून अर्धा तास उन्हात ठेवायचा आणि मग पिशवी उघडून वास घ्यायचा, ही पण चांगली पद्धत, थोडं जरी तेल असेल तर उबेने बाहेर येतं. फक्त हे धुतलेल्याच कपड्यावर करा, इंधन लागलेला कपडा पिशवीत बांधून उन्हात ठेवायचा नाही.

दुसरं, पाण्याचा थेंब. वाळलेल्या कपड्यावर मांडी, पोट, कफ अशा जागी बोटाने पाण्याचा एक-एक थेंब सोडा. सुती कपडा असेल आणि थेंब लगेच जिरला तर तिथे तेल नाही. थेंब मोत्यासारखा उभा राहिला किंवा घरंगळला तर तिथे तेल आहे किंवा कंडिशनरचा थर आहे. यामुळे सगळा कपडा परत घासायची गरज पडत नाही, जिथे थेंब थांबला तेवढीच जागा पकडायची. आमच्याकडे नेहमी दोनच जागा सापडतात, उजव्या बाहीचा कफ, कारण नोझल टेस्टिंगला लावली की डिझेलचा बारीक धुरळा उडतो तो तिथे बसतो, आणि पॅन्टच्या मागच्या खिशाची आतली पिशवी.

त्या खिशाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण दहातल्या निम्म्या तक्रारी तिथे संपतात. मेकॅनिक माणूस हात पुसायचं फडकं मागच्या खिशात कोंबतो. फडकं काढून टाकलं तरी खिशाची आतली पिशवी जाड कापडाची, दुहेरी शिवणीची, तिच्यात दिवसभर ऑइल मुरतं. आपण पॅन्ट बाहेरून घासतो, खिसा आत तसाच राहतो, आणि मशीनमध्ये पॅन्ट फिरली की त्या खिशातलं तेल बाकी सगळ्या पॅन्टला लागतं. खिसा उलटा करून बाहेर ओढा, शिवणीच्या कोपऱ्यात काळं पीठ जमलेलं दिसेल, जुन्या टूथब्रशने ते आधी कोरडंच झटका. मी आता ह्यांच्या पॅन्टला मागच्या बाजूला एक पट्टी शिवून दिलीय, फडकं तिथे लटकतं, खिशात जात नाही.

तिसरं, वास कपड्याचाच आहे का. बूट, पट्टा, डब्याची पिशवी, मोबाईलचं कव्हर, स्कूटरची डिकी हे सगळं हुंगून बघा. चामडं आणि रबर ऑइल धरून ठेवतं, आणि स्वच्छ कपडे त्याच पिशवीतून गॅरेजला गेले की वास घेऊनच परत येतात. वहिनींच्या मुलाचं असंच होतं, कपडे स्वच्छ होते, तो जादाचा शर्ट डिकीत ठेवायचा आणि डिकीत नेहमी एक ऑइलची बाटली. बाटली काढली, प्रश्न मिटला.

थोडक्या पैशात होणारं

वरचं बघून झालं आणि तेल कपड्यातच आहे असं कळलं, की मग हा क्रम. क्रम मोडू नका, यातलं प्रत्येक पुढच्यासाठी वाट करून देतं.

कपडा आला की लगेच बादलीत कोंबायचा नाही. उलटा करून दोरीवर वाऱ्याला टाका, डिझेल असेल तर रात्रभर तरी. पेट्रोल साधारण ३० डिग्रीपासून उकळायला लागतं म्हणून ते उडून जातं, डिझेल उकळायला १८० ते ३६० डिग्री लागतात, त्यामुळे ते नुसत्या वाऱ्याने जाणार नाही हे खरंय, पण वरचं हलकं तेवढं जातं आणि धुताना घरात वास भरत नाही. काही जण म्हणतात की १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स डिझेल आलं, आता वास कमी झाला. त्यात गंधक दहा लाख भागांत ५० भागांवरून १० वर आलं हे बरोबर, पण डिझेल हे शेवटी तेलच, कफवर सांडलं की मुरायचं तसं मुरतंच.

मग डागावर मुलतानी माती. किंवा टाल्कम पावडर, ते नसेल तर मक्याचं पीठ. सासूबाई चाळलेली राख लावायच्या, ती पण चालते. कोरडा कपडा, कोरडी पावडर, चांगला जाड थर, दोन-तीन तास, मग बाहेर अंगणात झटकायचं. हे लोकांना फालतू वाटतं पण पावडर जेवढं तेल ओढून घेते तेवढं पाण्यात जात नाही आणि बाकीच्या कपड्याला लागत नाही. गॅरेजमध्ये फरशीवर ऑइल सांडलं की भुसा टाकतात ना, तेच हे. लोकर स्वच्छ करायला ही माती पूर्वी जगभर वापरायचे, तेल ओढणं हा तिचा गुणच आहे.

त्यानंतर भांडी घासायचं लिक्विड, आणि हे कोरड्या कपड्यावर. इथे सगळे चुकतात. कपडा ओला करून लिक्विड लावलं की पाणी आधीच धाग्यात शिरलेलं असतं आणि लिक्विड पातळ होऊन वरच्या वर वाहून जातं. कोरड्या डागावर लावा, ब्रशने आतून आणि बाहेरून दोन्हीकडून चोळा, १५-२० मिनिटं राहू दे. एन्झाइमवाली महागडी पावडर घेऊन काही फायदा नाही, एन्झाइम जेवणाच्या तुपा-तेलावर, रक्तावर, दुधावर काम करतात, इंजिनचं तेल हे जमिनीतून निघालेलं खनिज तेल, ते एन्झाइमना पचत नाही. ब्लीचचं पण तसंच, ब्लीच रंग काढतं, तेल काढत नाही, उलट कपडा विरतो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र तर अजिबात नको, विषारी क्लोरीन वायू होतो.

पहिलं धुणं साध्या गार पाण्यात, हाताने, वेगळ्या बादलीत. गरम पाणी पहिल्यालाच नाही, कारण कपड्यात अजून इंधन असतं आणि गरम पाण्याने त्याची वाफ न्हाणीघरात उठते. ते काळं पाणी गेलं की मग दुसऱ्या बादलीत हाताला जेमतेम सोसवेल इतकं गरम पाणी, त्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि नेहमीची पावडर, तासभर भिजवा. खायचा सोडा नाही, धुण्याचा, दोन्ही वेगळे आहेत, खायचा फारच सौम्य पडतो. हातमोजे घाला, हात कोरडे पडून फुटतात. रेशीम, लोकर यांना हे चालत नाही, ॲल्युमिनियमच्या बादलीत पण नको. आणि रात्रभर भिजत ठेवायचं नाही, मी पण सुरुवातीला ठेवायचे, जास्त भिजलं म्हणजे जास्त निघेल असं वाटायचं, पण पाणी गार झालं की वर आलेलं तेल परत कपड्यावर बसतं. तासाभराने पाणी गरम असतानाच कपडा काढा.

सोड्याचं दुसरं कारण पाणी. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर एका बाटलीत अर्धं पाणी घ्या, आंघोळीच्या साध्या साबणाचा कीस टाका आणि जोरात हलवा. फेस झाला तर पाणी बरं, फेस न होता दुधासारखं गढूळ झालं तर पाणी जड आहे, म्हणजे तुमची निम्मी पावडर पाण्यातल्या चुन्याशीच भांडण्यात संपतेय आणि तेलापर्यंत पोचतच नाही. सोडा पाणी मऊ करतो. आमच्या गल्लीत नळाला पाणी नसलं की बोअरचं वापरतात आणि नेमका त्याच दिवसांत कपड्यांना जास्त वास राहतो, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घातलं तर सोड्याचा अंश निघून जातो आणि कपडा मऊ राहतो. पण सोडा आणि व्हिनेगर एकाच बादलीत घालू नका, फसफसतं छान, काम काहीच होत नाही, दोघं एकमेकांना मारतात. फॅब्रिक कंडिशनर गॅरेजच्या कपड्यांना कायमचं बंद करा. ते धाग्यावर थर देतं, थराखाली तेल अडकतं, आणि मग डिझेल अधिक मोगरा असा जो वास तयार होतो तो नुसत्या डिझेलपेक्षा वाईट.

मग वाळवणं. उन्हात, वाऱ्यात, उलटा करून. वास पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नाही आणि ड्रायर तर नाहीच. उष्णतेने राहिलेलं तेल धाग्यात पक्कं बसतं, नंतर काढायला तिप्पट मेहनत, आणि तेलकट कपडे ड्रायरमध्ये तापून आग लागू शकते. वास राहिला असेल तर इस्त्रीच्या आधी परत एकदा लिक्विडपासून सुरू करा, दुसऱ्या फेरीत बहुतेक जातो.

कुणी सांगेल ग्रीस काढायला रॉकेल किंवा पेट्रोल चोळा. गॅरेजमध्ये पार्ट धुवायला ते वापरतात म्हणून कपड्यांना पण वापरतात. ग्रीस विरघळतं हे खरं, पण एका तेलाच्या जागी दुसरं तेल आलं, वास वाढला, आणि ज्या न्हाणीघरात लेकरं आंघोळ करतात तिथे पेट्रोलची वाफ. नका करू.

एवढं करूनही नाही गेला तर

कपड्याचं कापड बघा. पॉलिएस्टर हे मुळात पेट्रोलियमपासूनच बनतं आणि ते पाण्यापेक्षा तेलाशी जास्त जुळवून घेतं, तेल धरतं आणि सोडायला मागत नाही. गॅरेजचे स्वस्त तयार युनिफॉर्म बहुतेक टेरीकॉटचे, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या सुती कापडाचे असतात. इस्त्रीला सोपे, टिकतात पण, पण वासाला वाईट. आम्ही ५-६ वर्षांपूर्वी जाड सुती ड्रिलचं कापड घेऊन शिवून घेतले, सुतीत तेल मुरतं जास्त पण गरम पाण्या-सोड्याला सोडतं पण लवकर. वेल्डिंगवाल्यांनी तर सुतीच घालावं, ठिणगीने पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटतं. कंपनीने दिलेला आगीपासून वाचवणारा सूट किंवा रिफ्लेक्टर पट्टीचं जॅकेट असेल तर वरचे प्रयोग नकोत, आतल्या लेबलवर लिहिलंय तसंच धुवा, आणि त्यावर तेल राहिलं असेल तर ते घालू नका, तेल लागलेला आगरोधक सूट आगीपासून वाचवत नाही.

पावसाळ्याचं वेगळं. कोल्हापूरच्या पावसात जाड पॅन्ट तीन-तीन दिवस ओली राहते, मग आंबूस वास आणि तेलाचा वास एकात एक मिसळतो आणि कळत नाही कशाचा आहे. त्या महिन्यांत मी एकावेळी एकच जोडी धुते, मशीनमध्ये दोनदा पिळून घेते आणि पंख्याखाली खिसे बाहेर काढून उलटी टांगते. चार जोड्या साठवून एकदम धुतल्या की चारही आंबतात.

आता मशीन. सगळ्यांच्या कपड्यांना वास असेल तर रिकाम्या ड्रमचं झाकण रात्रभर बंद ठेवा, सकाळी उघडल्या उघडल्या नाक आत घाला. वास आला तर तेल मशीनमध्ये बसलंय. पुढून उघडणाऱ्या मशीनचं दाराचं रबर दुमडून बघा, घडीत काळा चिकट थर असतो, भांड्यांचं लिक्विड लावलेल्या ओल्या फडक्याने पुसून काढा, कचऱ्याची जाळी धुवा. मग टब क्लीनचं सेटिंग असेल तर ते, नसेल तर सगळ्यात गरम पाण्यावर मशीन रिकामं फिरवा, आणि त्यानंतर एकदा जुनी फडकी टाकून फिरवा म्हणजे सुटलेला थर त्यांना लागेल, चांगल्या कपड्यांना नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

दोनदा रिकामं फिरवूनही मशीनचा वास जात नसेल तर वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये खालच्या फिरत्या चकतीखाली, म्हणजे पल्सेटरखाली, ग्रीस आणि साबणाचा थर असतो. तो काढायला पल्सेटर खोलावा लागतो. स्क्रू एकच दिसतो म्हणून घरी खोलू नका, खालचं सील सरकलं तर पाणी मोटरवर गळतं, मशीनवाल्याला बोलवा आणि येताना सांगा की ऑइलचे कपडे धुतले जातात.

कपडा तीन वेळा पूर्ण क्रमाने धुऊनही वास आहे आणि कपडा महाग आहे, जॅकेट किंवा चांगली पॅन्ट, तर ड्राय क्लीनिंगला द्या. तिथे पाण्याऐवजी तेल विरघळवणारं सॉल्व्हंट वापरतात, त्यालाच काही ठिकाणी पेट्रोल वॉश म्हणतात. देताना काय सांडलंय ते नीट सांगा, डिझेल, गिअर ऑइल, ग्रीस, आणि घरी काय काय लावलंय ते पण, नाहीतर तो डाग बघून अंदाजाने काम करेल. रोजची जुनी युनिफॉर्म पॅन्ट असेल तर तिच्यावर पैसे घालवू नका, तिचं फडकं करा.

मांड्यांवर, पोटावर, कफच्या खाली बारीक पुळ्या, काळे ठिपके किंवा खाज येत असेल तर ते नुसतं घामोळं समजू नका. ऑइलने भिजलेला कपडा दिवसभर अंगाला घासला की रोमछिद्रं बुजतात आणि पुळ्या येतात, आणि वापरलेलं काळं इंजिन ऑइल त्वचेवर वर्षानुवर्षं राहणं चांगलं नाही, त्यात कॅन्सर करणारी द्रव्यं असतात. ह्यांना असंच मांडीवर आलं होतं, वर्षभर पावडर लावून काढलं, शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं की ऑइलची पॅन्ट किती दिवस घालता. तेव्हापासून आमच्याकडे पॅन्ट दुसऱ्या दिवशी परत घालायची नाही हा नियम आहे, सीझन असो नाहीतर काही असो.

आणि पेट्रोलने चिंब भिजलेला कपडा असेल, अंगावर टाकी सांडली असेल, तर वासाचा विचार नंतर. कपडा तिथेच बाहेर काढा, अंग साबण-पाण्याने धुवा, आणि त्वचा भाजल्यासारखी झाली किंवा डोळ्यात गेलं असेल तर लगेच डॉक्टर. बंद खोलीत किंवा न्हाणीघरात वाफ भरली असेल तर लाईटचं बटण चालू-बंद काहीच करू नका, दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेरूनच अग्निशमनच्या १०१ ला नाहीतर ११२ ला फोन लावा.

भिजवलेलं पहिलं काळं पाणी मोरीत जातं तेवढं ठीक, पण पावडरीने ओढलेलं तेल आणि तेलाची फडकी विहिरीच्या कडेला किंवा ओढ्याला टाकू नका. गॅरेजमध्ये जळकं ऑइल साठवायचा डबा असतो, फडकी त्याच्या शेजारी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जाऊ देत. आमच्याकडे मिस्टर रोज सकाळी जाताना फडक्यांची पिशवी घेऊन जातात.